फोर्ट्रान भाषेच्या मानकाचे पुनरीक्षण

शास्त्रीय व अभियांत्रिकीय गणितकृत्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या फोर्ट्रान या संगणकभाषेचे अधिकृत मानक प्रथम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९७८, १९९१, १९९७, २००४, २०१०, २०१८ व २०२३ या वर्षी त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मानक म्हणजे भाषेतील प्रत्येक विधानाचा अर्थ निश्चित करणारा दस्तऐवज होय. माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी जी अनुवादक आज्ञावली असते, तिला कंपायलर म्हणतात. निरनिराळ्या यंत्रांचे कंपायलर निरनिराळ्या लोकांनी रचलेले असले, तरी एकाच आज्ञावलीचा सर्वांनी एकच अर्थ लावावा, हा मानकाचा हेतू असतो.

प्रत्येक पुनरीक्षणाच्या वेळी समितीपुढे दोन मागण्या येत. जुन्या आज्ञावल्या अक्षरही न बदलता चालल्या पाहिजेत ही एक, आणि भाषेतून निर्माण होणाऱ्या यंत्राज्ञा वेगाने चालल्या पाहिजेत ही दुसरी. या मागण्या परस्परविरोधी आहेत असे सामान्यतः समजले जाते. फोर्ट्रानच्या इतिहासावरून मात्र दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी असल्याचे दिसते. मानकाने ज्या गोष्टींना मनाई केली किंवा ज्यांचा अर्थ सांगण्याचे टाळले, त्या मोकळ्या जागेमुळेच कंपायलरला वेग साधता आला. आणि तीच मोकळी जागा आज्ञावलीकारांनी व यंत्रनिर्मात्यांनी व्यवहारात आपापल्या परीने भरून काढल्यामुळे सुसंगततेचे बहुतेक तंटे उत्पन्न झाले.

पार्श्वभूमी : जॉन बॅकस (१९२४–२००७) यांच्या नेतृत्वाखालील आयबीएम कंपनीच्या गटाने नोव्हेंबर १९५४ मध्ये भाषेचा प्राथमिक आराखडा मांडला व एप्रिल १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या यंत्रासाठी पहिला कंपायलर ग्राहकांच्या हाती पडला. त्या काळी कुशल आज्ञावलीकार यंत्राज्ञा स्वतः लिहीत. एखादे स्वयंचलित साधन आपल्याइतक्या काटकसरीने त्या लिहू शकेल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. कंपायलरने सिद्ध केलेली आज्ञावली हाताने लिहिलेल्या आज्ञावलीच्या निम्म्याच वेगाने चालली, तर भाषा स्वीकारली जाणार नाही, अशी बॅकस यांना धास्ती होती. म्हणून गटाचे बहुतेक श्रम भाषेच्या रचनेऐवजी कंपायलरच्या कौशल्यावर खर्ची पडले. पुढे सहा दशके जे जपावे लागले, त्यातील पुष्कळसा भाग अशा रीतीने फारसा विचार न होता, समोरच्या यंत्राकडे पाहून ठरलेला होता.

याची काही उदाहरणे देता येतील. ७०४ यंत्राच्या ३६ बिटांच्या एका शब्दात सहा-सहा बिटांची सहा अक्षरे मावत. चलाचे नाव सहा अक्षरांहून मोठे नसावे, हा नियम त्यातून आला. तिहेरी ‘इफ’ हे विधान एखादी राशी ऋण, शून्य वा धन असेल त्यानुसार तीन निरनिराळ्या ठिकाणी नियंत्रण नेई. ही रचना यंत्रातील तीन फाटे फुटणाऱ्या तुलनाज्ञेशी जुळती होती. कोणता फाटा किती वेळा घेतला जाईल याचा अंदाज कंपायलरला कळविण्यासाठी ‘फ्रीक्वेन्सी’ नावाचे एक स्वतंत्र विधानच होते. ते पुढे गळाले व त्याची उणीव फारशी कोणास भासल्याचे दिसत नाही. पुनरावृत्तीसाठी असलेल्या ‘डू’ विधानात आवर्तन संपले की नाही याची तपासणी आवर्तनाच्या शेवटी होई. त्यामुळे ते निदान एकदा तरी घडेच. या शेवटच्या तपशिलाकडे त्या वेळी कोणी विशेष लक्ष दिले नाही.

१९५८ मध्ये फोर्ट्रान–२ व १९६२ मध्ये फोर्ट्रान–४ या आवृत्त्या निघाल्या. दुसरीतील आज्ञावल्या चौथीत जशाच्या तशा चालत नसत. आयबीएम यंत्रांच्या ग्राहकांच्या ‘शेअर’ या संघटनेला जुन्या आज्ञावल्यांचे नव्या रूपात आपोआप भाषांतर करणारी ‘सिफ्ट’ नावाची आज्ञावली त्यासाठी तयार करावी लागली. भाषा बदलायची आणि भाषांतराचे साधन सोबत द्यायचे, हा मार्ग त्या वेळी व्यवहार्य ठरला, कारण ग्राहक मोजके होते आणि निर्माता एक होता. १९६३ च्या सुमारास निरनिराळ्या यंत्रांसाठी चाळीसहून अधिक फोर्ट्रान कंपायलर प्रचारात आले आणि हा मार्ग बंद झाला.

पहिले मानक : अमेरिकेच्या मानक संस्थेने १९६२ मध्ये नेमलेल्या समितीने तयार केलेले मानक मार्च १९६६ मध्ये संमत झाले. संगणकभाषेचे ते पहिलेच मानक होय. त्याच्या बरोबरीने भाषेच्या लहान उपसंचाचेही एक मानक काढण्यात आले. समितीने नवी भाषा रचली नाही. प्रचलित कंपायलरांमध्ये जे समान होते ते नोंदविले आणि जेथे ते भिन्न वागत, तेथे बहुधा मौन पाळले. शिवाय मानकाची बंधने कंपायलरपेक्षा आज्ञावलीवर अधिक होती. कंपायलरने मानकातील आज्ञावल्या बरोबर चालविल्या म्हणजे पुरे. त्यापलीकडे त्याने वाटेल ती भर घालावी. परिणामी मानकाला अनुसरणारी यंत्रे पुष्कळ होती, पण त्यांवर लिहिलेल्या आज्ञावल्यांपैकी मानकात बसणाऱ्या थोड्या होत्या. बेल प्रयोगशाळेत १९७० नंतर तयार झालेली ‘पीफोर्ट’ ही तपासनीस आज्ञावली नेमकी याच गरजेतून निर्माण झाली. एखादी आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेता येईल इतकी काटेकोर आहे की नाही, हे ती सांगे.

या मानकातील एक नियम वेगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला. उपआज्ञावलीला जे चल सोपविले जातात, त्यांपैकी दोन नावे जर स्मृतीतील एकाच जागेची असतील, तर उपआज्ञावलीने त्यांतील कोणत्याही नावाने त्या जागेतील मूल्य बदलता कामा नये, असे मानक सांगते. तपासणीची जबाबदारी कंपायलरवर नाही. नियम मोडणाऱ्याला मिळणाऱ्या उत्तराची हमी मात्र मानक देत नाही. वरवर पाहता ही आज्ञावलीकाराला घातलेली एक क्षुल्लक अट वाटते. कंपायलरच्या दृष्टीने ती मोठी सवलत आहे. ‘अ’ या ॲरेतील (म्हणजे संख्यांच्या क्रमवार मांडणीतील) घटकांत ‘ब’ मधील घटक मिळवावयाचे असतील, तर ‘अ’ चा एक घटक लिहिल्यामुळे ‘ब’ चा पुढील घटक बदलला असेल काय, अशी शंका कंपायलरला घ्यावी लागत नाही. तो ‘ब’ चे घटक आधीच वाचून ठेवू शकतो, बेरजांचा क्रम बदलू शकतो किंवा पुष्कळ बेरजा एकदम करू शकतो. १९७६ मध्ये क्रे–१ हा महासंगणक आला, तेव्हा या सवलतीचे मोल कळून आले. त्याच्या एकेका सदिश रजिस्टरात ६४ संख्या मावत व त्या सर्वांवर एकाच आज्ञेने क्रिया होई. जुन्या फोर्ट्रान आज्ञावल्यांतील साधी आवर्तने कंपायलर आपण होऊन या रूपात आणू शके.

सी या भाषेत असा नियम नव्हता. तिच्या पहिल्या मानकाच्या वेळी, १९८७–८८ च्या सुमारास, ‘नोएलिअस’ नावाचा एक विशेषक सुचविण्यात आला. परंतु भाषेचे जनक डेनिस रिची यांनीच त्याला कडाडून विरोध केल्याने तो मागे घ्यावा लागला. निराळ्या स्वरूपातील ‘रिस्ट्रिक्ट’ हा विशेषक १९९९ च्या सी मानकात आला. मनाई आरंभापासून असणे आणि ती मागाहून घालणे यांतील अंतर या उदाहरणावरून ध्यानात येते.

स्मृतीच्या वाटणीसंबंधीचा दुसरा नियम याच्या अगदी उलट होता. पूर्णांक, वास्तव संख्या व तार्किक मूल्य यांना प्रत्येकी एक सांख्यिक एकक आणि दुहेरी अचूकतेच्या संख्येला दोन एकके जागा मिळावी, असे मानकाने ठरविले. ‘कॉमन’ व ‘इक्विव्हॅलन्स’ या विधानांनी एकाच जागेला अनेक नावे देता येत व एका प्रकारची जागा दुसऱ्या प्रकारासाठी वापरता येई. त्यासाठी मापे निश्चित असणे आवश्यक होते. स्मृती अत्यंत महाग असताना ही सोय मोलाची होती. पण तिच्यामुळे १६ बिटांच्या लघुसंगणकावर पूर्णांकाला १६ बिट पुरत असूनही मानकाप्रमाणे वास्तव संख्येइतकी जागा राखून ठेवावी लागे. उलट साठ बिटांच्या मोठ्या यंत्रावर एकेरी अचूकता पुरेशी असताना, मूळ आज्ञावलीत दुहेरी लिहिले आहे म्हणून १२० बिटांचे संथ गणित करावे लागे. सुसंगततेसाठी वेगाची किंमत मोजावी लागल्याचे हे फोर्ट्रानमधील सर्वांत ठळक उदाहरण म्हणता येईल.

फोर्ट्रान ७७ : नव्या समितीचा मसुदा १९७६ मध्ये चर्चेसाठी प्रसिद्ध झाला व एप्रिल १९७८ मध्ये संमत झाला, काम आधीच्या वर्षी पुरे झाल्यामुळे त्याला फोर्ट्रान ७७ हे नाव पडले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते १९८० मध्ये स्वीकारले. गटबद्ध ‘इफ’, अक्षरांसाठी स्वतंत्र प्रकार आणि फाइली उघडण्याची व मिटण्याची विधाने ही त्यातील लोकप्रिय भर होय. परंतु खरा वाद ‘डू’ विधानासंबंधी होता.

१९६६ च्या मानकानुसार आवर्तनाची आरंभसंख्या अंतिम संख्येहून मोठी असता कामा नये. ती मोठी असल्यास काय व्हावे हे मानकाने सांगितले नव्हते, कारण तशी आज्ञावली मानकाच्या बाहेरचीच होती. प्रत्यक्षात बहुतेक कंपायलर ७०४ पासून चालत आलेल्या पद्धतीने आवर्तन एकदा करीत. फोर्ट्रान ७७ ने आवर्तनांची संख्या आरंभीच काढावी आणि ती शून्य आल्यास आवर्तन मुळीच करू नये, असे ठरविले. गणिताच्या दृष्टीने हेच योग्य आहे : शून्य पदांची बेरीज शून्य असते, पहिल्या पदाइतकी नव्हे. समितीचा युक्तिवादही बिनतोड होता. मानकात बसणाऱ्या एकाही जुन्या आज्ञावलीचा अर्थ या बदलामुळे बदलत नव्हता. तरीसुद्धा एका आवर्तनावर, कळत वा नकळत, विसंबून असलेल्या आज्ञावल्या नव्या कंपायलरवर कोणतीही सूचना न देता वेगळी उत्तरे देऊ लागल्या. यंत्रनिर्मात्यांनी जुना अर्थ चालू ठेवण्याची सोय कंपायलरमध्ये केली. युनिक्स प्रणालीवरील एफ७७ या कंपायलरमधील ‘वनट्रिप’ हा पर्याय त्यांपैकीच एक. संख्या आधी काढण्यासाठी थोडा जास्त वेळ लागे हे खरे. पण आवर्तने किती होणार हे आधीच कळल्यामुळे सदिश यंत्रांना तीच माहिती उपयोगी पडली. याच मानकाने आवर्तनाचा चल वास्तव संख्येचा असण्यासही मुभा दिली. एक-दशांशाच्या पायरीने जाणाऱ्या आवर्तनात पूर्णांकनामुळे एखादे आवर्तन कमी वा जास्त होऊ लागले आणि १९९७ च्या मानकाने ही मुभा काढून घेतली. एका समितीने दिलेली सोय तिच्याच वारसांनी वीस वर्षांच्या आत परत घेण्याचा हा प्रसंग विरळा आहे.

जुन्या भाषेत अक्षरांना स्वतंत्र प्रकार नसल्यामुळे ती अंकांच्या चलांत कोंबावी लागत. यांना हॉलरिथ स्थिरांक म्हणत. एका चलात किती अक्षरे मावतील हे यंत्रावर अवलंबून असे. आयबीएम ३६० वर चार, सीडीसी ६६०० वर दहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० यंत्राच्या ४८ बिटांच्या शब्दात आठ अक्षरे राहत. १९७० नंतरच्या दशकात त्याच संस्थेत आलेल्या डेक–१० वर ३६ बिटांच्या शब्दात पाच. तेव्हा एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना मथळे व नावे हाताळणारा आज्ञावलीचा प्रत्येक भाग नव्याने लिहावा लागणे अटळ होते. फोर्ट्रान ७७ ने हॉलरिथ स्थिरांक मानकातून काढले. पण एका परिशिष्टात, ज्यांना ते चालू ठेवायचे असतील त्यांनी कसे ठेवावेत, याचे मार्गदर्शनही केले. काढून टाकलेल्या वस्तूची अशी व्यवस्था लावणे व्यवहाराला धरून होते. ज्यांनी ती काढली त्यांनाही ती नाहीशी होणार नाही हे ठाऊक असावे.

‘सेव्ह’ या विधानाची कथा कमी परिचित आहे, पण तिचे परिणाम अधिक दूरवर पोचले. उपआज्ञावलीतून परतल्यावर तिच्यातील स्थानिक चलांची मूल्ये टिकतात असे मानकाने कधीच म्हटले नव्हते. ती टिकावयास हवी असल्यास ‘सेव्ह’ लिहावे, असे फोर्ट्रान ७७ ने सांगितले. तथापि बहुतेक कंपायलर चलांना स्मृतीत कायमची जागा देत असल्यामुळे मूल्ये आपोआप टिकत आणि ‘सेव्ह’ लिहिण्याची तसदी थोडेच लोक घेत. पुढे एकाच वेळी अनेक प्रक्रियकांवर उपआज्ञावली चालविण्यासाठी चलांना तात्पुरती जागा देणे आवश्यक झाले, तेव्हा वर्षानुवर्षे बरोबर चाललेल्या आज्ञावल्या चुकू लागल्या. येथेही जुनी पद्धत चालू ठेवणारे पर्याय कंपायलरांत द्यावे लागले व त्यासाठी वेगावर पाणी सोडावे लागले. १९७८ च्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मानकात नसलेल्या, परंतु सर्वत्र हव्या असलेल्या काही विधानांची स्वतंत्र पुरवणी काढली, यावरून समितीच्या सावधगिरीने सर्वांचे समाधान झाले नव्हते हे दिसते.

ऐंशीच्या दशकातील संघर्ष : पुढील आवृत्तीला ‘फोर्ट्रान ८एक्स’ असे नाव देण्यात आले, ‘एक्स’ च्या जागी वर्षाचा अंक यावयाचा होता. दशक सरत आले तरी तो येईना, तेव्हा हा अंक षोडशमान पद्धतीतील असावा, असा विनोद रूढ झाला. समितीची कल्पना महत्त्वाकांक्षी होती. संपूर्ण ॲरेवर एका विधानाने क्रिया करणे, आज्ञावली चालू असताना स्मृती मागून घेणे, संबंधित घोषणा एकत्र ठेवणारे ‘मॉड्यूल’, वापरणाऱ्याने स्वतः घडविलेले प्रकार आणि छिद्रपत्रांच्या ऐंशी स्तंभांच्या बंधनातून सुटलेली मोकळी लेखनपद्धती, अशी मोठी भर मसुद्यात होती. त्याबरोबरच भाषा फुगत जाऊ नये म्हणून जुन्या विधानांना निरोप देण्याची योजनाही होती. ‘कॉमन’, ‘इक्विव्हॅलन्स’, जुनी लेखनपद्धती इत्यादींना ‘त्याज्य’ असे संबोधून पुढेमागे त्यांना वगळता येईल, असे सुचविण्यात आले.

१९८७ च्या अखेरीस मसुदा जनतेच्या अभिप्रायासाठी खुला होताच शेकडो पत्रे आली. आयबीएम व डिजिटल इक्विपमेंट या समितीतील दोन मोठ्या यंत्रनिर्मात्यांचा मसुद्याला विरोध होता. भाषा अवाढव्य झाली आहे, तिचे कंपायलर लिहिण्यास वर्षे लागतील, ते संथ असतील आणि फोर्ट्रान ७७ च्या ग्राहकांना यातून काही लाभ नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. राष्ट्रीय प्रयोगशाळांतील व युरोपातील शास्त्रज्ञांची बाजू वेगळी होती. समांतर यंत्रांच्या युगात ॲरेवरील क्रिया भाषेत नसतील, तर प्रत्येक निर्माता आपली वेगळी भर घालील व १९६३ ची स्थिती पुन्हा येईल, असे ते म्हणत. दोन्ही पक्ष कार्यक्षमतेच्याच नावाने बोलत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकाला कालच्या आज्ञावल्यांचा आजच्या यंत्रावरील वेग राखावयाचा होता. दुसऱ्याला उद्याच्या यंत्रावरील वेग हवा होता.

अमेरिकन समितीत कोंडी झाली. ती फुटली सप्टेंबर १९८८ मध्ये पॅरिस येथे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या फोर्ट्रान कार्यगटाने आपल्याला कोणत्या गोष्टी हव्यात याची यादी तेथे स्वतःच निश्चित केली आणि अमेरिकन समितीला त्याप्रमाणे मसुदा पूर्ण करणे भाग पडले. ‘त्याज्य’ हा वर्ग रद्द झाला. फोर्ट्रान ९० हे आंतरराष्ट्रीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात फोर्ट्रान ७७ मधील एकही विधान वगळलेले नव्हते. मानकात वगळलेल्या गोष्टींची यादी देण्याचे ठरलेले होते. ती यादी रिकामी ठेवून छापली गेली. नऊ गोष्टींना फक्त ‘कालबाह्य होऊ घातलेल्या’ असे म्हटले गेले. एवढे होऊनही अमेरिकेने काही काळ फोर्ट्रान ७७ चे जुने मानक नव्याच्या शेजारी कायम ठेवले. एका भाषेची दोन अधिकृत मानके एकाच देशात नांदत होती.

नव्या गोष्टी वेगाला बाधा न आणता कशा घ्याव्या, याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे पॉइंटर होय. दुसऱ्या चलाच्या जागेकडे निर्देश करणारा चल भाषेत आला, की वर सांगितलेली मनाई निरर्थक होते. कोणतेही दोन चल एकाच जागेचे असण्याची शक्यता निर्माण होते. समितीने यावर तोड काढली ती अशी : ज्या चलाकडे पॉइंटरने निर्देश करावयाचा, त्या चलाच्या घोषणेत ‘टार्गेट’ हा शब्द लिहिलाच पाहिजे. ज्या चलांवर हा शिक्का नाही, त्यांच्याबाबत कंपायलर पूर्वीप्रमाणेच निःशंक राहू शकतो. पॉइंटर न वापरणाऱ्या जुन्या आज्ञावलीला नव्या सोयीची काहीही किंमत मोजावी लागत नाही. नवे व जुने असे शेजारी ठेवण्याचे कौशल्य पुढील पुनरीक्षणांत नेहमीच साधले असे म्हणता येत नाही.

ॲरेच्या बाबतीत ते अंशतःच साधले. नव्या भाषेत ॲरेचा एखादा तुकडा, उदाहरणार्थ एकाआड एक घटक, उपआज्ञावलीकडे पाठविता येतो. जुन्या पद्धतीच्या उपआज्ञावलीची अपेक्षा मात्र घटक स्मृतीत सलग असावेत अशी असते. दोहोंचा मेळ घालण्यासाठी कंपायलर तुकड्याची सलग प्रत काढतो, ती उपआज्ञावलीला देतो व परतल्यावर मूल्ये जागच्या जागी भरतो. हे सर्व लिहिणाऱ्याच्या नजरेआड घडते. बीएलएएस व लॅपॅक यांसारखे रेषीय बीजगणिताचे उपआज्ञावलीसंग्रह जुन्या पद्धतीचेच असल्यामुळे, नव्या धाटणीची सुबोध आज्ञावली जुनीपेक्षा संथ का चालते, असा प्रश्न अनेकांना पडे. सलगतेची ग्वाही देणारा ‘कंटिग्युअस’ हा विशेषक २०१० च्या मानकात आला, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी.

नंतरची पुनरीक्षणे : वेगासाठी म्हणून घेतलेली गोष्ट वेगाच्याच आड यावी, असेही घडले. समांतर यंत्रांसाठी १९९२–९३ मध्ये आखलेल्या एका विस्तारित फोर्ट्रानमधून ‘फोरऑल’ हे विधान १९९७ च्या मानकात आले. ते दिसते आवर्तनासारखे, पण उजवीकडील सर्व मूल्ये आधी काढावीत व मगच डावीकडे भरावीत, असा त्याचा नियम आहे. हा नियम पाळण्यासाठी कंपायलरला बहुधा तात्पुरता ॲरे निर्माण करावा लागतो आणि साधे ‘डू’ आवर्तनच अधिक वेगवान ठरते. २०१० च्या मानकात ‘डू कन्करंट’ हे वेगळे विधान आले. यात कंपायलरवर कोणतेही नवे ओझे नाही. आवर्तने परस्परांवर अवलंबून नसावीत, असे बंधन आज्ञावलीकारावरच घातलेले आहे. म्हणजे १९६६ च्या त्या जुन्या मनाईचाच मार्ग समितीने पुन्हा धरला. २०१८ मध्ये ‘फोरऑल’ ची गणना कालबाह्य होऊ घातलेल्यांत झाली.

२००४ च्या मानकातील एका बदलात ‘डू’ च्या वादाची पुनरावृत्ती झाली. मागणीनुसार स्मृती घेणाऱ्या ॲरेला वेगळ्या आकाराचे मूल्य दिल्यास पूर्वी ती आज्ञावली मानकाबाहेर जाई. आता ॲरेने आपला आकार आपोआप बदलून घ्यावा असे ठरले. मानकात बसणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांची उत्तरे यामुळे बदलली नाहीत. परंतु आकार जुळतो की नाही हे प्रत्येक वेळी पडताळून पाहण्याचे काम त्यांच्याही माथी आले. इंटेल कंपनीच्या कंपायलरने या कारणास्तव कित्येक वर्षे जुनीच वागणूक चालू ठेवली व नवी हवी असल्यास ती मागून घेण्याची सोय ठेवली. २०१६ मधील आवृत्तीपासून मानकाचा अर्थ मूळचा म्हणून स्वीकारला.

वगळण्याचे काम अत्यंत संथ गतीने झाले. फोर्ट्रान ९० मधील नऊपैकी काही गोष्टी १९९७ मध्ये गेल्या. तिहेरी ‘इफ’ २०१८ मध्ये गेले. मात्र मानकातून गेलेली विधाने कंपायलरांतून गेली नाहीत. जुन्या आज्ञावल्या बाळगणारे ग्राहक असेपर्यंत कोणताही निर्माता ती काढण्यास धजत नाही. असे ग्राहक सर्वत्र आहेत. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१२ मधील मॉन्सून मिशनपासून ऋतुमानाच्या पूर्वानुमानासाठी अमेरिकेतून घेतलेले सीएफएस हे प्रतिमान वापरण्यात आले. तेही बहुतांशी फोर्ट्रानमध्येच लिहिलेले आहे. अशा प्रतिमानांत अनेक पिढ्यांच्या शास्त्रज्ञांचे लेखन एकत्र नांदते. त्यातील एखादी उपआज्ञावली नव्या पद्धतीने लिहून काढली, तर उत्तरे शेवटच्या अंकापर्यंत तीच येतात की नाही, हे पुन्हा तपासावे लागते. बेरजेचा क्रम बदलला तरी पूर्णांकनामुळे शेवटचे अंक बदलतात आणि तो बदल निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचे श्रम नव्या लेखनाहून जास्त असतात.

‘कॉमन’ व ‘इक्विव्हॅलन्स’ यांना १९८७ च्या मसुद्याने त्याज्य ठरविले, तेव्हा समिती फुटण्याची वेळ आली होती. २०१८ च्या मानकाने त्यांची नोंद कालबाह्य होऊ घातलेल्यांत केली, तेव्हा त्यावरून तसे वादळ उठले नाही. २०२३ च्या मानकात ही दोन्ही विधाने कायम आहेत. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारे अघोषित चल पूर्णांक समजावेत, हा १९५७ चा नियमही तसाच आहे.